जहाज वर्षातून एकदाच येतं

ओटावाहून कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशाच्या राजधानीला, इकालुइतला, विमान साधारण तीन तासांत पोचतं. अंतर २,१०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कॅनडाच्या मानाने काही फार नव्हे. तरी तिथल्या दुकानात पहिल्यांदा शिरलेला माणूस किमती पाहून दचकतो आणि सगळं खापर अंतरावर फोडतो. माझ्या मते त्यात अंतराचा वाटा कमी आणि कॅलेंडरचा जास्त.

नुनावुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी अस्तित्वात आला. क्षेत्रफळ जवळपास वीस लाख चौरस किलोमीटर, २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या ३७ हजारांच्या आत, आणि गावं २५. या २५ गावांपैकी एकही दुसऱ्या गावाशी किंवा दक्षिणेशी रस्त्याने जोडलेलं नाही. रेल्वेही नाही. माल यायच्या वाटा दोनच. एक विमान, जे वर्षभर येतं, म्हणजे हवेची मर्जी असेल तेव्हा. दुसरं जहाज, जे बर्फ फुटल्यावर जुलैच्या सुमाराला सुरू होतं आणि ऑक्टोबरात संपतं. जहाजाच्या या हंगामाला तिथे सगळे ‘सीलिफ्ट’ म्हणतात. पार उत्तरेच्या गावांना अख्ख्या हंगामात एखाद-दुसरीच फेरी मिळते.

अंतराचं म्हणणं किती तोकडं आहे ते मॅनिटोबातल्या चर्चिलने दाखवून दिलं. हडसन उपसागराच्या काठावरच्या या गावाला रस्ता नाही, पण लोहमार्ग आहे. मे २०१७मध्ये पुराने तो वाहून गेला आणि गाड्या पुन्हा सुरू व्हायला २०१८ची अखेर उजाडली. गाव जागचं हललं नव्हतं, अंतर तेवढंच होतं. पण किराणा विमानाने आणावा लागला आणि खर्च लगेच चढला.

विमानाने माल महाग का पडतो याची कारणं एकात एक अडकलेली आहेत. विमान उत्तरेकडे भरून जातं आणि परतताना बहुतांशी रिकामं येतं, त्यामुळे परतीचा खर्चही जाणाऱ्या मालावरच बसतो. बहुतेक गावांच्या धावपट्ट्या खडीच्या आणि आखूड. आजकालची मोठी जेट विमानं तिथे उतरत नाहीत, पंख्याची लहान विमानं लागतात. ग्रीस फियॉर्ड हे ७६ अंश उत्तरेचं गाव घ्या. तिथला माल आधी इकालुइतला, मग रेझोल्यूटला, आणि तिथून ट्विन ऑटरसारख्या छोट्या विमानात. प्रत्येक बदलाच्या वेळी पेट्या उघड्यावर थांबतात. उणे ३० अंशांत अर्धा तास पुरतो, पालेभाजी काळी पडते. वादळ किंवा धुकं आलं की तीच पेटी दोन-तीन दिवस मधल्याच विमानतळावर पडून राहते. दुकानदाराने दहा किलो मागवून सात किलो विकण्याजोगं निघालं, तर दहाही किलोंचं भाडं त्या सात किलोंवरच चढतं. वर हलक्या पण फुगीर वस्तूंचं भाडं वजनावर नव्हे, त्यांनी अडवलेल्या जागेवर लागतं. डायपर आणि टॉयलेट पेपर विमानाने आणणं म्हणजे हवेला भाडं देणं.

म्हणून जहाज स्वस्त. पण जहाजाचा स्वस्तपणा मिळवायला वर्षाची बेगमी एका फटक्यात करावी लागते आणि तिचे पैसे मे-जूनमध्ये मोजावे लागतात. एकरकमी पैसा हातात असलेल्यालाच तो परवडतो, हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं नीट लागतं.

दुकानाचीही हीच गत. वर्षभर विकायचं पीठ, साखर, डबाबंद माल ऑगस्ट-सप्टेंबरात येऊन पडतो. त्यात पैसा अडकतो, गोदाम तापतं ठेवावं लागतं, विजेचं बिल भरावं लागतं, कामगारांना घर द्यावं लागतं. अंदाज चुकून फेब्रुवारीतच साठा संपला, तर तीच वस्तू विमानाने येते आणि फळीवरची किंमत एका रात्रीत उडी मारते. इंटरनेटवर फिरणारे धक्कादायक किमतींचे फोटो बरेचदा अशाच वस्तूंचे असतात: बाटलीबंद पाणी, शीतपेय, वजनदार आणि बिनअनुदानाचं काहीतरी. फोटो खरेच असतात. वस्तू जहाजाची की विमानाची, एवढं मात्र त्यांत दिसत नाही.

आता घरच्या सीलिफ्टबद्दल, कारण नव्याने नोकरीला जाणारे इथेच सर्वाधिक चुकतात.

पूर्वेकडच्या बाफिन भागाचा माल मुख्यतः माँट्रियलजवळच्या बंदरांतून चढतो. प्रत्येक जहाजाची माल स्वीकारायची शेवटची तारीख वसंतात जाहीर होते. ही तारीख जहाज सुटायची नव्हे. तोवर पेटी बांधून, मोजून, कागदपत्रांसह गोदामात हजर हवी. एक दिवस उशीर झाला तर पुढचं जहाज. आणि पुढचं जहाज तुमच्या गावी जात नसेल तर पुढचं वर्ष.

भाडं ‘रेव्हेन्यू टन’वर लागतं: १,००० किलो किंवा २.५ घनमीटर, यांपैकी ज्याने आकडा मोठा येईल ते. गणित सोपं आहे, पण फार थोडे लोक करतात. समजा पेटी १.२ मीटर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच. घनफळ १.७३ घनमीटर, भागिले २.५, म्हणजे ०.६९ टन. आत फक्त डायपर आणि टॉयलेट पेपर भरून वजन २०० किलो झालं तरी भाडं ०.६९ टनाचंच. आता २० किलोंच्या पिठाच्या २० पिशव्या घ्या: ४०० किलो, पण जागा जेमतेम पाऊण घनमीटर. इथे वजनाने ०.४ टन आणि जागेने सुमारे ०.३, म्हणजे वजनाचं भाडं लागणार. दोन्ही वेगवेगळ्या पेट्यांत पाठवले तर एकीत जागा फुकट जाते, दुसरीत वजन. एकाच पेटीत तळाला पीठ-तांदूळ-डबे आणि वर फुगीर सामान भरून घनमीटरमागे ४०० किलोंच्या जवळ पोचलात, तर दिलेल्या भाड्याचा पुरेपूर मोबदला मिळतो. हा ४००चा आकडा वरच्याच दोन आकड्यांच्या भागाकारातून येतो, वेगळा पाठ करायला नको.

पेटी लाकडीच हवी. नुसता पॅलेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून चालत नाही, कारण बहुतेक गावांत धक्काच नाही. जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं, माल बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या नावेवर उतरतो, टग ही छोटी जोरकस बोट बार्जला किनाऱ्याकडे ढकलते आणि भरतीच्या वेळी लोडर पेट्या वाळूवर आणून ठेवतो. एवढ्या वेळा उचलणं-टेकवणं झाल्यावर कच्च्या पेटीचा एक तरी कोपरा उघडतोच. जहाज कंपनीची जबाबदारी भरतीच्या रेषेपर्यंत. तिथून घरापर्यंत माल न्यायची सोय आणि खर्च तुमचा. सही करण्याआधी पेटी चारी बाजूंनी बघा आणि फुटकं दिसलं तर पावतीवर तिथल्या तिथे लिहा. नंतर केलेल्या तक्रारीला फारसं वजन राहत नाही. विमा वेगळा मागून घ्यावा लागतो.

काय भरू नये, तेही महत्त्वाचं. पेटीला ऊब नसते. हंगामाच्या शेवटच्या जहाजावर काचेच्या बरण्या, शीतपेयं, पाण्यातला रंग आणि पातळ साबण गोठून फुटतात, म्हणून असला माल पहिल्या जहाजाला. स्प्रेचे डबे, बॅटऱ्या, रंग, प्रोपेन हे धोकादायक मालात मोडतात. ते वेगळे जाहीर करून वेगळे बांधायचे. लपवून भरलेला एक डबा सापडला तर अख्खी पेटी अडकू शकते. साबण आणि डिटर्जंट पिठापासून दूर, नाहीतर वर्षभर भाकरीला वास. वापराची मुदत पाहताना हिशेब आजपासून नव्हे, पुढच्या वर्षीच्या जहाजापर्यंत करायचा. जूनमध्ये घेतलेलं यीस्ट पुढच्या ऑगस्टपर्यंत चालायला हवं, म्हणजे चौदा महिने. बेकिंग पावडर आणि यीस्ट इथेच दगा देतात.

किती मागवायचं? चार आठवडे घरातले रिकामे डबे, पिशव्या, गुंडाळ्या फेकू नका. मोजा आणि १३ने गुणा. पाहुणे आणि सणांसाठी थोडं वाढवा, दक्षिणेत सुटीवर जाणार असाल तेवढे आठवडे वजा करा. अंदाजाने मागवणारे हमखास मीठ जास्त आणि तेल कमी मागवतात.

मग साठवायचं कुठे? घरं गोठलेल्या जमिनीवर खांबांवर उभी असल्यामुळे तळघर नसतं. एका घरात दोन-तीन पिढ्या राहत असतील तर ४०० किलो पिठाला कोपरा मिळणंच कठीण. ज्याला जमतं तो बाहेर जुना कंटेनर ठेवतो. पीठ-तांदळाला गोठण्याने काही होत नाही, पण आत आणल्यावर पिशवी लगेच उघडू नका. उबदार हवेतली ओल थंड पिठावर धरते आणि गुठळ्या होतात. रात्रभर बंद ठेवून मग उघडा.

आणि पैसे. समजा ५,००० डॉलरची खरेदी क्रेडिट कार्डावर मे महिन्यात झाली आणि माल सप्टेंबरात आला. वर्षाला २० टक्के व्याज धरलं तर त्या चार महिन्यांचे ३३३ डॉलर होतात. तरीही वर्षभर दुकानातून घेण्यापेक्षा हे बहुधा स्वस्तच पडेल; पण त्यासाठी ५,००० डॉलर मर्यादेचं कार्ड हवं, आणि २५ गावांपैकी मोजक्याच गावांत बँकेची शाखा आहे. नुनावुतचं किमान वेतन जानेवारी २०२४पासून ताशी १९ डॉलर झालं, तेव्हा देशात सर्वांत जास्त. ते दर पंधरवड्याला हातात येतं आणि दर पंधरवड्याला दुकानात जातं. सीलिफ्टची फोड पंधरवड्यात होत नाही.

सरकारी अनुदान आहे. ‘न्यूट्रिशन नॉर्थ कॅनडा’ ही योजना १ एप्रिल २०११ला सुरू झाली. त्याआधी टपालाच्या भाड्यात सवलत देणारी ‘फूड मेल’ होती. आताचं अनुदान दुकानदाराला किलोमागे मिळतं, दर गावाप्रमाणे आणि वस्तूच्या वर्गाप्रमाणे बदलतो, आणि ते ग्राहकापर्यंत पोचवायची अट आहे. २०१९मध्ये दूध आणि लहान बाळांच्या दुधाच्या पावडरीसारख्या वस्तूंसाठी सर्वांत वरचा वर्ग आला, आणि पुढे शिकारीसाठी वेगळं अर्थसाहाय्यही सुरू झालं. पण २०१४मध्येच कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी बोट ठेवलं होतं की पूर्ण अनुदान ग्राहकाला मिळतं की नाही, याची खातरजमा झालेली नाही. पुढे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाढीव अनुदानाच्या प्रत्येक डॉलरपैकी सुमारे ६७ सेंटच किमतीतून उतरलेले दिसले. यात नवल वाटायला नको. गावात एक-दोनच दुकानं असतील तर किंमत उतरवायची घाई कोणाला? ‘नॉर्दर्न’ या साखळीची दुकानं आणि सहकारी तत्त्वावरची को-ऑप, बहुतेक ठिकाणी एवढीच निवड.

फारसं न वापरलं जाणारं एक कलम इथे आहे. योजनेत नोंदलेल्या दक्षिणेतल्या पुरवठादाराकडून घरगुती मागणी थेट नोंदवता येते आणि अनुदान तिलाही लागू होतं. पुन्हा तेच, कार्ड लागतं. पण ही मागणी वर्षाची नसून आठवड्याची असू शकते, म्हणून छोट्या घरांना तीच जास्त सोयीची.

किराण्याइतकीच घरखर्चाची दुसरी बाजू जड आहे, पण ती बिलात पूर्ण दिसत नाही. विजेचं जाळं नाही. ‘कुल्लिक एनर्जी’ प्रत्येक गावात स्वतंत्र डिझेल वीजघर चालवते, म्हणजे २५ गावांना २५. शेजारून वीज उसनी मिळत नसल्याने प्रत्येक ठिकाणी जादा जनरेटर राखून ठेवावा लागतो. एप्रिल २०१५मध्ये पांगनिर्तुंगचं वीजघर जळालं तेव्हा आणीबाणी जाहीर झाली आणि जनरेटर विमानाने आणावे लागले. डिझेलही जहाजानेच येतं, वर्षाचं एकदम. त्यामुळे जगात तेल उतरलं तरी गावातल्या टाक्यांत गेल्या उन्हाळ्याच्या भावाचं तेल असतं. उलटही होतं, जगात भडका उडाला तरी काही महिने झळ लागत नाही. भाव पडल्याची बातमी वाचून पंपावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पाणी बहुतेक घरांत टँकरने येतं आणि सांडपाणीही टँकरनेच जातं. घरात दोन टाक्या असतात. सांडपाण्याची टाकी भरली की आतला तरंगता स्विच पाण्याचा पंप बंद करतो. नवखा माणूस पाणी संपलं समजून पाण्याच्या टँकरला फोन करतो. आधी दुसऱ्या टाकीचा दिवा बघायचा. हिमवादळ येणार असं कळलं की एक टाकी भरून आणि दुसरी उपसून घेणं, हे तिथलं शहाणपण. राजधानी इकालुइतमध्ये काही भागात नळ आहेत, पण तिथेही ऑक्टोबर २०२१मध्ये पाण्यात इंधन मिसळलं आणि डिसेंबरपर्यंत नळाचं पाणी पिण्यावर बंदी होती. बाटल्या विमानाने आणाव्या लागल्या.

घर बांधणंही जहाजाच्या तारखेला बांधलेलं. खांबांसाठी छिद्रं पाडायची, सांगाडा उभा करायचा, छप्पर घालायचं, आणि हे सगळं थंडीआधी. खिडक्यांची एक पेटी चुकली तर आतलं काम थांबतं, मजूर परत जातात आणि घर वर्षभर तसंच.

मग लोक शिकार करून का खात नाहीत, असं हमखास विचारलं जातं. करतात. कॅरिबू हरीण, सील, ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा, व्हेलची कातडी यांना तिथे ‘कंट्री फूड’ म्हणतात आणि ते दुकानातल्या मांसापेक्षा सकस आहे. पण शिकारीला स्नोमोबाईल लागते, पेट्रोल, काडतुसं, सुटे भाग लागतात, आणि हे सगळं रोख पैशाने येतं. १९८३मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली आणि २००९मध्ये सीलच्या एकूण मालावर. इनुइटांना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना, सवलत दिली खरी, पण बाजारच बसल्यावर सवलतीचं काय करायचं? पेट्रोलचा खर्च भागवणारी कातडी विकली जाईनाशी झाली. बाफिन बेटावर कॅरिबू इतके घटले की जानेवारी २०१५मध्ये शिकार बंद झाली आणि त्याच वर्षी पुढे फक्त २५० नरांची मर्यादा घालून पुन्हा उघडली. आज नोकरी असलेल्याकडे पेट्रोल असतं पण वेळ नसतो, आणि वेळ असलेल्याकडे पेट्रोल नसतं.

करसवलतीचंही तसंच. नुनावुतसारख्या पूर्ण उत्तर विभागात सलग सहा महिने राहिलात तर ‘टी २२२२’ हा फॉर्म भरून दिवसाला ११ डॉलर उत्पन्नातून वजा करता येतात. घरातला एकच जण दावा करणार असेल तर २२. वर्षाचे ८,०३० डॉलर. मर्यादा निव्वळ उत्पन्नाच्या २० टक्के. हे पैसे परत मिळत नाहीत, करपात्र उत्पन्न तेवढं कमी होतं. म्हणजे जास्त पगाराच्या नर्सला किंवा अभियंत्याला चांगला फायदा, आणि ज्याला करच लागत नाही त्याला शून्य. नव्याने जाणाऱ्यांनी मात्र फॉर्म जरूर भरावा, प्रवासाच्या तिकिटांच्या पावत्याही जपाव्यात.

या व्यवस्थेत ढिलाई कुठेच नाही, म्हणून एक जहाज चुकलं की मोठं नुकसान होतं. २०१८मध्ये बर्फामुळे कुग्लुक्तुक, केंब्रिज बे आणि शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या पॉलाटुकला जाणारे बार्ज रद्द झाले. माल बंदरात अडकला आणि गरजेचं तेवढं विमानाने न्यावं लागलं. २०२४मध्ये कारण उलटं होतं. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या मॅकेन्झी नदीत पाणीच इतकं कमी की तिच्या काठच्या नॉर्मन वेल्स गावाला बार्ज गेले नाहीत, आणि घरं तापवायचं इंधनही विमानाने आणायची वेळ आली.

एकट्याला बेगमी परवडत नसेल तर तीन-चार घरांनी मिळून एक पेटी करणं हा जमणारा मार्ग आहे. यादी एकाने करावी, पैसे मागणी नोंदवण्याआधी जमा व्हावेत, आणि प्रत्येक घराचं सामान वेगळ्या रंगाच्या पिशव्यांत बांधायला पुरवठादाराला सांगावं. भाडं वाटताना वजनाने वाटलं तर पीठवाल्यावर अन्याय होतो आणि जागेने वाटलं तर डायपरवाल्यावर, म्हणून अर्धं-अर्धं धरणं बरं. किनाऱ्यावर सही ज्याच्या नावाने पेटी आली त्यालाच करावी लागते. ऑगस्टच्या त्या आठवड्यात तो होडी घेऊन शिकारीला गेलेला नसेल, एवढं मे महिन्यातच ठरवून घ्या.